मदत हवी आहे: वकिलाशिवाय ईबी-1बी (संशोधक ग्रीनकार्ड), विद्यापीठ सही करायला तयार

रानवारा
नमस्कार. जरा घाईत लिहितोय. आमचं विद्यापीठ माझ्यासाठी ईबी-1बीची आय-140 (ग्रीनकार्डाचा पहिला अर्ज) भरायला तयार आहे, पण वकिलाला द्यायला डिपार्टमेंटकडे पैसे नाहीत. मी दोन ठिकाणी चौकशी केली. एकाने साडेसहा हजार डॉलर सांगितले, दुसऱ्याने त्याहून जास्त. इंटरनॅशनल ऑफिसच्या बाई म्हणाल्या, "पॅकेट तुम्ही तयार करा, आम्ही तपासून सही करू." विभागप्रमुख जानेवारीपासून सब्बॅटिकलवर जातायत, त्याआधी त्यांचं पत्र हवंय.
वकिलाशिवाय कुणी केलंय का? रेकमेंडेशन लेटर्स किती लागतात? कव्हर लेटरचा नमुना असेल तर विपु (इथल्या विचारपुशीत निरोप) करा. शोधाशोध करून झालीय, कृपया "गूगल करा" सांगू नका.

मधुरा_क
मी केलंय, मंजूर झालंय, त्यामुळे होतं हे नक्की. पण तुम्ही महत्त्वाचं काहीच लिहिलेलं नाही. पदाचं नाव काय? पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती नेमणूक) असाल तर अवघड आहे. नेमणूक किती मुदतीची? पीएचडीनंतर संशोधनाची तीन वर्षं पूर्ण आहेत का? पेपर, सायटेशन (इतरांनी घेतलेले संदर्भ), रिव्ह्यू किती? हे कळल्याशिवाय नमुना पाठवून उपयोग नाही, माझ्या पत्रात माझंच काम आहे.

दादरकर
ईबी-1बीच्या फंदात पडूच नका. एनआयडब्ल्यू (देशहिताच्या कारणावरून मिळणारं ग्रीनकार्ड) स्वतः भरता येतं, कुणाची सही लागत नाही, प्रमुख सब्बॅटिकलवर गेले काय नि परत आले काय. 2016 च्या धनासर निकालापासून निकषही स्पष्ट आहेत. मी वकील न लावता 140 पानांचं पॅकेट पाठवलं, आरएफईसुद्धा (जास्तीचे पुरावे मागणारी नोटीस) आली नाही.

शरयू
दादरकर, तुमचा जन्म भारतातला असेल तर मंजुरीनंतर पुढे काय झालं तेही लिहा. एनआयडब्ल्यू ईबी-2 मध्ये (ईबी-1 च्या खालच्या श्रेणीत) येतं. 2025 च्या उन्हाळ्यात भारताची ईबी-2 ची तारीख जानेवारी 2013 वर होती, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांचाच नंबर येत होता. ईबी-1बीला विद्यापीठ स्वतःहून तयार असताना ते सोडा असं सांगणं बरोबर नाही.

दादरकर
मी रांगेतच आहे, नाकारत नाही. पण नोकरी बदलली तरी माझी मंजूर आय-140 माझीच राहते, कुणाच्या मर्जीवर नाही. ले-ऑफ जवळून पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत कळते.

शरयू
ते मान्य. मग दोन्ही भरा म्हणा, एक सोडा म्हणू नका.

रानवारा
पद असिस्टंट रिसर्च सायंटिस्ट, पोस्टडॉक नाही. पीएचडी 2018, विषय मातीतले सूक्ष्मजीव. इथे चार वर्षं झाली. 14 पेपर, 610 सायटेशन, 40 च्या आसपास रिव्ह्यू. नेमणूकपत्र दरवर्षी येतं, सगळ्यांचं तसंच असतं. व्हिसाची चिंता नाही, एच-1बी चालू आहे, बायको एच-4 ईएडीवर (एच-1बीवाल्याच्या जोडीदाराचा कामाचा परवाना) नोकरी करते. मला फक्त पॅकेट कसं बांधायचं ते सांगा.

धुळेकर
"नेमणूकपत्र दरवर्षी येतं" इथेच थांबा. माझी आरएफई नेमकी यावरच आली होती. आमच्या डीननी यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) उद्देशून दोन पानी पत्र दिलं आणि ऑफर लेटर म्हणून मी माझं वार्षिक नेमणूकपत्र जोडलं. त्यात शेवटून दुसरी ओळ होती: ही नेमणूक 30 जून रोजी संपेल, निधी उपलब्ध असल्यास नूतनीकरण होईल. अधिकाऱ्याने तीच ओळ जशीच्या तशी उतरवून विचारलं की ही नोकरी कायमस्वरूपी कशी?
नियमात कायमस्वरूपी म्हणजे टेन्युअर (विद्यापीठातली पक्की नेमणूक), टेन्युअर-ट्रॅक (तिच्याकडे नेणारी नेमणूक) किंवा अशी नोकरी की जिला ठरलेली मुदत नाही आणि सबळ कारणाशिवाय ती जाणार नाही अशी अपेक्षा ठेवता येते. वार्षिक करार असला म्हणून सगळं बुडत नाही. पण विद्यापीठाचा तुम्हाला पुढेही ठेवण्याचा इरादा आहे आणि ग्रँट वर्षानुवर्षं मिळत आलीय, हे कागदावर दिसायला हवं. शिवाय ऑफर लेटर तुम्हाला उद्देशून हवं आणि त्यावरची तारीख अर्ज भरण्याच्या आधीची हवी. मी नवीन पत्र घेतलं, मागच्या ग्रँटची मंजुरीपत्रं लावली, मग सुटलो. तीन महिने झोप नव्हती. प्रमुख जायच्या आत हे एक पत्र घ्याच, बाकीचं नंतरही होईल.

विनायक
वकील लावा हो. साडेसहा हजार वाचवायला जाऊन आयुष्याची पाच वर्षं घालवाल. माझ्या ओळखीत एकाचं पॅकेट तीन आठवड्यांनी जसंच्या तसं परत आलं, कारण एका ठिकाणी सही राहिली होती.

मधुरा_क
विनायक, सही राहते तशी वकिलाच्या ऑफिसातही राहते. शेवटी पानं तपासणारा माणूस किती नेटाने तपासतो ते महत्त्वाचं. आणि वकील लावला तरी हा अर्ज विद्यापीठाचा असतो, अर्जदार तेच. वकील फक्त आपला, असं इथे होत नाही.

रानवारा, एकेक सांगते. फॉर्मवर सही विद्यापीठातल्या अधिकृत माणसाचीच, विभागप्रमुखांची चालेलच असं नाही. ऑफिसला आजच विचारा की सहीचा अधिकार कुणाकडे आहे. शाईने केलेल्या सहीचा स्कॅन चालतो, नुसतं टाइप केलेलं नाव चालत नाही.
सहापैकी किमान दोन निकष लागतात. तुमच्याकडे लेखन आणि इतरांच्या कामाचं परीक्षण हे दोन सहज बसतात, मूळ संशोधनाचं योगदान तिसरं. पण दोन बसले की संपलं असं समजू नका. त्यानंतर अधिकारी सगळं एकत्र ठेवून बघतो की हा माणूस या विषयात आंतरराष्ट्रीय पातळीवर मानला जातो का. 610 हा आकडा एकटा काही सांगत नाही. तुमच्या विषयात, त्याच वर्षी आलेल्या पेपरांत तो कुठे बसतो ते दाखवा. तुमची पद्धत दुसऱ्या देशातल्या कुणी वापरली असेल तर त्या पेपरचं ते पान काढा, ते वाक्य पिवळं करा. मी असे सात परिच्छेद लावले होते आणि माझ्या मते मंजुरी त्यांच्यावरच मिळाली. रिव्ह्यूसाठी संपादकांच्या आभाराच्या मेल्स शोधून ठेवा.
पत्रांची संख्या नियमात कुठेच नाही. मी सहा दिली, त्यातली चार अशा लोकांची की ज्यांच्याबरोबर कधी काम केलं नव्हतं. गाईडने केलेली स्तुती अधिकाऱ्याला अपेक्षितच असते.

आभाळमाया
कुणी जे-1 (एक्स्चेंज व्हिजिटर) व्हिसावर असेल तर दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या अटीचं बघून घ्या. 9 डिसेंबर 2024 च्या नव्या स्किल्स लिस्टमधून (ही अट ज्यांना लागते त्या देशांची आणि विषयांची यादी) भारत वगळलाय, त्या यादीमुळे अट लागली असेल तर आता लागत नाही. सरकारी निधीवर आलेल्यांना मात्र अजून लागते.

रानवारा
जे-1 चा काही संबंध नाही, मी कधीच नव्हतो. धुळेकर, मधुराताई, मनापासून आभार. ऑफर लेटरचं मला अजिबात माहीत नव्हतं, उद्याच प्रमुखांना भेटतो. फी चेकने विद्यापीठाने द्यायची की मी?

धुळेकर
चेक नको. 28 ऑक्टोबर 2025 पासून कागदी चेक घेत नाहीत. कार्डासाठी जी-1450 फॉर्म, बँक खात्यासाठी जी-1650. आय-140 चे 715 डॉलर आहेत. असायलम फी (नोकरदात्याला पडणारी वेगळी फी) विद्यापीठांना माफ आहे, पण फॉर्मवर ना-नफा संस्थेचा रकाना नीट भरा. ईबी-1बीला पर्म (श्रम खात्याचं प्रमाणपत्र) लागत नाही, त्यामुळे पर्मसारखं "नोकरदात्यानेच पैसे द्यायचे" हे बंधन इथे नाही. प्रीमियम (जादा फी भरून लवकर निकाल) केलंत तर 15 कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं, पण त्याच्या आय-907 फॉर्मवरही सही विद्यापीठाचीच लागते.

नाना_सातारा
माझा मुलगा टेक्ससला असतो, त्याच्या वेळचा अनुभव सांगतो. जन्मदाखला आत्ताच बघून ठेवा. त्याच्या दाखल्यावर बाळाचं नावच नव्हतं, नुसतं "पुरुष" लिहिलेलं. नगरपालिकेत चार खेपा घालून नाव चढवून घेतलं. शाळा सोडल्याचा दाखला आणि नातेवाइकांची दोन प्रतिज्ञापत्रंही केली.

मधुरा_क
नाना, ते आय-485 ला (ग्रीनकार्डाच्या शेवटच्या अर्जाला) लागतं. यांचं अजून आय-140 चंच चाललंय, पुढचं यायला वर्षं लागतील.

शरयू
एक मिनिट. रानवारा, बायको एच-4 ईएडीवर आहे म्हणालात. ते कुणालाही मिळत नाही. नवऱ्याची आय-140 आधी मंजूर असावी लागते, किंवा पर्मच्या आधारावर सहा वर्षांनंतरची मुदतवाढ मिळालेली असावी लागते. तुमचं काय आहे?

रानवारा
हो, आधीच्या कंपनीची आहे. बियाणांच्या कंपनीत होतो, त्यांनी पर्म करून ईबी-2 भरलं होतं, प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) ऑगस्ट 2020. पण ती नोकरी सोडून चार वर्षं झाली, ते सगळं संपलं ना? म्हणून लिहिलं नाही.

शरयू
अहो, धाग्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे! ती आय-140 खोटेपणामुळे किंवा यूएससीआयएसच्या गंभीर चुकीमुळे रद्द झाली नसेल, पर्मही रद्द झालेलं नसेल, तर ती तारीख तुमची आहे. नोकरी सोडली तरी, कंपनीने अर्ज मागे घेतला असला तरीही. ईबी-1बीच्या अर्जाबरोबर जुन्या मंजुरीच्या नोटिशीची प्रत लावा आणि कव्हर लेटरमध्ये ती तारीख ठेवण्याची मागणी स्पष्ट लिहा.
आता बघा, एप्रिल ते सप्टेंबर 2025 च्या बुलेटिनांत (कुठल्या तारखेपर्यंतचा नंबर आला ते सांगणारं मासिक सरकारी पत्रक) भारताची ईबी-1 ची तारीख 15 फेब्रुवारी 2022 होती. तुमची त्याच्या दीड वर्ष आधीची. पॅकेट पाठवाल त्या महिन्याचं बुलेटिन स्वतः उघडून बघा. तारीख चालू असेल तर तुमची आणि बायकोची आय-485 याच पाकिटात जाऊ शकते. थांबायचं कारणच नाही.

मधुरा_क
शरयू, मला हे सुचलंच नाही. नाना, माफ करा, तुमचंच बरोबर होतं. रानवारा, आय-485 तुमचा स्वतःचा अर्ज, त्यावर विद्यापीठाची सही नाही. मेडिकलचा आय-693 आता सोबतच द्यावा लागतो, डॉक्टरची वेळ आजच घ्या. आणि मी वकिलाशिवाय करा म्हणणारी आहे, तरी जुनी तारीख आणि एकत्र अर्ज यासाठी एक तासाची सल्ला-फी भरून कुणाला तरी कागद दाखवा. सगळं काम त्यांना देऊ नका, तो एक तास मात्र घ्या.

विनायक
अनुमोदन.

रानवारा
मला काय लिहावं सुचत नाहीये. बायकोला वाचून दाखवलं, ती जुनी फाइल काढून बसलीय. मंजुरीची नोटीस सापडली, 2020 चीच तारीख आहे. आत्ता आईला फोन केला होता, माझा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा आहे आणि त्यावर आईचं माहेरचं नाव लागलंय. नाना, याचं काय करायचं?

नाना_सातारा
दाखल्याचा फोटो विपुत टाका. आईचं लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव एकाच बाईचं आहे, असं प्रतिज्ञापत्र आमच्या इथे करून घेतलं होतं, मसुदा पाठवतो. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल, त्याला नोटरी लागत नाही. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतर करणाऱ्याने लिहून सही करायची. तुमच्या आईंना सोमवारी ग्रामपंचायतीत जायला सांगा, ग्रामसेवक त्या दिवशी भेटतो का ते आधी फोन करून विचारा.