मदत हवी आहे: बारावी इंग्रजी, कादंबरीचे १६ गुण सोडू द्यावेत का?

भाचा बारावी सायन्सला आहे, गाव बार्शीजवळ. दहावीपर्यंत मराठी माध्यम. फिजिक्स-मॅथ्सचं त्याचं तो बघतो, पण इंग्रजीचा विषय काढला की पोरगा आत्तापासूनच हबकतो.

लेखी ८० गुणांची: गद्य ३४, कविता १४, लेखनकौशल्य १६, कादंबरी १६. गड्याने सगळा वेळ गद्यावर घातलाय, तोही गाइडमधली उत्तरं घोकून. सराव परीक्षेत उतारा ओळखीच्या धड्यातला होता, तरी 'तुमचं मत लिहा' हा प्रश्न कोरा. गाइडमध्ये नव्हता ना तो! व्याकरणात 'टू (too) काढून वाक्य पुन्हा लिहा' आलं. नियम तोंडपाठ, पण 'सो... दॅट' घातल्यावर पुढे 'कॅनॉट' लिहायचं राहिलं. समरीत, म्हणजे सारांशात तर उताऱ्यातलीच वाक्यं जशीच्या तशी उतरवली.

कादंबरी अजून नीट शिकवलेली नाही. क्लासवाले म्हणतात, ऑप्शनला टाक. १६ गुण कुणी ऑप्शनला टाकतं का?

हाताशी दीड महिना आहे. कादंबरीचे उतारे कसे करावेत? आणि कवितेचं रसग्रहण पाठ करावं का? शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा. फक्त 'रोज इंग्रजी पेपर वाचायला लाव' एवढं सोडून.

प्रतिसाद १:
ताई, कादंबरी अजिबात सोडू देऊ नका. त्यातले ४ गुण कादंबरी या साहित्यप्रकाराच्या इतिहासावर, वस्तुनिष्ठ, ते पटकन होतात. बाकीचं पात्रं, कथानक, स्थळ यांवर. उत्तरं साधारण ५० शब्दांची. प्रत्येक उताऱ्याची गोष्ट आधी त्याला मराठीत सांगायला लावा, मग तीच इंग्रजीत पाच-सहा साध्या वाक्यांत लिहू दे.

रसग्रहण पाठ नको, मुद्दे पाठ हवेत: कवी, विषय, अलंकार, भाषा, स्वतःचं मत. अलंकाराचं नाव लिहिलं की ती ओळही द्यायची. 'कविता आवडली' एवढ्यावर थांबू नये, का आवडली ते लिहावं.

लेखनात पर्याय असतात. ईमेल जमत नसेल तर मुलाखतीचा पर्याय निवडावा, तिथे फक्त प्रश्न तयार करायचे असतात, उत्तरं नाहीत.

धागाकर्ती:
मुलाखतीचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! आज रात्रीच फोन करते. त्याने लिहिलेले प्रश्न इथे टाकले तर तपासून द्याल का?