मदत हवी आहे: खडकावरचं उशीसारखं बुटकं गवत ओळखायचंय (साक्री, जि. धुळे)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावाबाहेर काळ्या दगडाची एक लांबच लांब भिंत आहे. धुळे-नंदुरबारकडच्यांनी अशा भिंती पाहिल्या असतील. जुन्या लाव्हाला भेगा पडल्या, त्यात नवा रस घुसून थिजला, पुढे आजूबाजूचा मऊ दगड झिजला आणि ही तेवढी उभी राहिली. तिच्या माथ्यावर माती अशी नाहीच, खडकाच्या फटीत साचलेला बोटभर मुरूम. हे गवत तिथंच वाढतं.

गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीचं काम माझ्याकडे आहे. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी लिहून झालं. हे एकच अडलंय.

फेब्रुवारीत पाहिलं तेव्हा खडकावर कुणी लिंबाएवढ्या तपकिरी उशा मांडून ठेवल्यात असं वाटत होतं. ठोंब इतका दाट की बोट बुडापर्यंत जात नाही. बुडाशी जुन्या पानांची आवरणं जुन्या वहीच्या कागदासारखी एकावर एक. पाती शिवायच्या दोऱ्याएवढी बारीक, जेमतेम दोन सेंटिमीटर, वाळून पिळवटलेली. त्यातून पाच-सहा सेंटिमीटरच्या काड्या वर आलेल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एकच कणीस, फांदी नाही. कणीस कसलं, मला तर ती नुसती काडीच वाटली होती. भिंग लावलं तेव्हा कळलं: दांड्यातच खळगे आहेत, दोन्ही बाजूंना एकाआड एक, आणि प्रत्येक खळग्यात एकेक कणिशक (कणसातला एक छोटा घटक) झाकण लावल्यासारखं घट्ट बसलंय. लांब कुसळ कुठंच नाही.

एक ठोंब मी वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात ठेवला आणि विसरले. जूनच्या पहिल्या आठवड्यात सापडला. पार वाळका, मुठीत कुरकुर वाजणारा. बशीत पाणी घालून त्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरची पाती तशीच मेलेली होती, पण आतली उलगडून हिरवी झालेली! नवीन कोंब नव्हे हो, तीच जुनी पाती. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

नावासाठी एका म्हाताऱ्या मेंढपाळ बाबांना विचारलं. ते म्हणाले, "गवतच म्हनतस त्याले." नोंदवहीच्या समितीत एकानं सुचवलं की शेळीच्याही दाताला लागत नाही, सोडून द्या. मला सोडायचं नाहीये. ही जात कोणती, खात्रीसाठी नेमकं काय बघू, आणि मराठीत किंवा अहिराणीत नाव आहे का? मोबाइलच्या फोटोत कणीस धूसर येतं, म्हणून एवढं लिहिलं.

प्रतिसाद १

ताई, खळग्यांचं निरीक्षण लिहिलंत म्हणून काम सोपं झालं. हे ओरोपेटियम वाटतंय, बहुधा ओरोपेटियम थोमेयम. बहुवर्षायू, आपलं देशी गवत, आफ्रिकेतही आढळतं.

मात्र पाण्यानं जिवंत झालं एवढ्यावरून नाव लिहू नका. अशाच उघड्या कातळावर वाढणाऱ्या ट्रायपोगॉन आणि मायक्रोक्लोआ या बुटक्या गवतांतही वाळून परत हिरव्या होणाऱ्या जाती आहेत. तिघांचंही कणीस एकेकटं, त्यामुळे घोटाळा होतो. मायक्रोक्लोआचं कणीस बहुधा विळ्यासारखं वाकतं आणि कणिशकं दांड्याच्या एकाच अंगाला असतात. ट्रायपोगॉनच्या एका कणिशकात अनेक फुलं, आणि प्रत्येक फुलाच्या आवरणाच्या टोकाला बारीक कुसळ. ओरोपेटियममध्ये कणिशकाला एकच फूल असतं आणि ते दांड्यात रुतलेलं. तुम्ही ज्याला झाकण म्हणता ते वरचं तूस (कणिशकाचं बाहेरचं आवरण), चिवट, खळगा झाकणारं. खालचं तूस जवळपास नसतंच, फक्त अगदी टोकाच्या कणिशकात दोन्ही तुसं मिळतात. सुईनं टोकाचं एक आणि मधलं एक सोडवून बघा.

समितीला हेही सांगा: 2015 मध्ये याच ओरोपेटियम थोमेयमचा जनुकसंच 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे 24.5 कोटी डीएनए-अक्षरांचा, तोवर माहीत असलेल्या गवतांत सगळ्यांत लहान. भाताचा साधारण 40 कोटींचा आहे. वाळताना या गवताची पेशी मरत नाही, साखरेसारखे पदार्थ साठवून आतली रचना सांभाळते आणि पाणी मिळालं की काम सुरू करते. दुष्काळात पीक कसं तगवावं हे शोधणारे म्हणूनच याच्यामागे आहेत.

धागाकर्ती

दादा, खूप खूप आभार. काल दुपारी बोथट सुईनं दोन कणसं बिघडवली, तिसरं साधलं. मधल्या कणिशकाला एकच तूस, बाहेरून टणक, आत एकच फूल. टोकाच्याला समोरासमोर दोन. कणीस सरळ आहे आणि खळगे दोन्ही अंगांना, हे पुन्हा मोजून पाहिलं.

नोंद अशी केली: ओरोपेटियम थोमेयम, भिंतीचा माथा, मुरमाच्या फटी, उन्हाळ्यात वाळतं पण मरत नाही. वाळलेला ठोंब आणि भिजवलेला ठोंब असे दोन्ही बैठकीत नेणार आहे. उरलेला ठोंब परत त्याच फटीत लावून आले.

स्थानिक नावाचा रकाना मात्र रिकामाच आहे. शिरपूर, शहादा, चाळीसगावकडे कुणाच्या घरातल्या जुन्या माणसांना, गुराख्यांना विचारता येईल का? नाव मिळालं तर ते कुठल्या गावचं, तेही लिहा.