सगळ्यांना आवडलेला सिनेमा मलाच का आवडत नाही? मदत हवी आहे (रविवारच्या आत)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडपटच आहे, हसा पण उत्तर द्या. मी साताऱ्यात असते, वय ३७, एका पतसंस्थेत कॅशला बसते. अडचण अशी की जो सिनेमा, जी सिरीज सगळं जग डोक्यावर घेतं ती बघताना मला काही म्हणजे काही होत नाही. "एवढा खास नव्हता" असलं नाही हां, ते परवडलं असतं, निदान भांडायला विषय मिळाला असता. मी नुस्ती बसून असते, एसटीची वाट बघत बसल्यासारखी.

मागच्या महिन्यात घरातले आम्ही अकरा जण गेलो होतो. सिनेमाचं नाव लिहीत नाही, चाहते तुटून पडतील. हिरोची एंट्री झाली, शिट्ट्या, आरडाओरडा, पोरं खुर्च्यांवर उभी. आणि मी बघतेय काय, तर पुढच्या रांगेतले एक आजोबा. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, हिरो पडद्यावर आला की घालायचे, गेला की परत काढायचे. तीन तासात मला आवडलेली एकमेव गोष्ट ही. शेवटी शेवटी जाऊबाई हुंदके द्यायला लागल्या, त्यांनी डोळे पुसून रुमाल माझ्याकडं सरकवला, आता मी काय करणार, जांभई दिल्यानं डोळ्यात थोडं पाणी होतं त्यावर निभावलं. बाहेर वडापावच्या गाड्यावर वन्संनी विचारलं शेवट कसा वाटला, मी म्हणलं एक नंबर. तर शेवटाला मी पुतण्याला घेऊन बाथरूमला गेले होते हे त्यांनी बघितलेलं! तेव्हापासून घरात माझं नाव शिष्ट पडलंय. हे पण म्हणतात तुला ते अवॉर्डवाले संथ सिनेमे पाहिजेत. ते पण बघून झाले हो, त्यात झोप अजून लवकर लागते.

सिरीजचं तर विचारूच नका. बँकेतली मैत्रीण म्हणते तिसऱ्या भागानंतर पकड घेते. तीन भाग म्हणजे अडीच तास, तेवढ्यात माझं दिवाळीचं अर्धं फराळ होतं.

मी कुणाला नावं ठेवत नाहीये. मला खरंच हेवा वाटतो, सोमवारी सगळे डबा खाताना तावातावानं बोलतात आणि मी लोणच्याची फोड चोखत बसते. येत्या रविवारी भाऊजींचा वाढदिवस, परत अकरा तिकिटं काढलीत, परत तीन तासांचा सिनेमा. हे असं का होतं, आणि रविवारी काय करू?
– शिष्ट_सातारकर

घाटावरचा: ताई लहानपणी कधी शूटिंग बघितलंय का? आमच्या वाईत ज्यांनी बघितलंय त्यांची मजाच गेलीय. आमच्या घाटानं किती राज्यं केलीत बघा. २००३ च्या 'गंगाजल'मध्ये वाई म्हणजे बिहार, २०१० च्या 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेश, 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये तमिळनाडू. 'स्वदेस'मधलं चरणपूर म्हणजे आमचं मेणवली, नाना फडणवीसांच्या वाड्याजवळचं. लोक थेटरात रडत होते आणि माझा बाप ओरडला, अरे तो बघ आपला वड!

शिष्ट_सातारकर: अय्या हो, माझं आजोळ वाईच! मी नववीत होते, ढोल्या गणपतीजवळ शूटिंग चाललेलं, दुपारभर बघत होतो. एक पोलीस जीपमधून उतरायचा, चार पावलं चालायचा, कट. परत जीपमध्ये. असं मी अकरापर्यंत मोजलं, मग मामीनं जेवायला हाक मारली. अजून पडद्यावर घाट दिसला की मी गोष्ट सोडून तिसरी पायरी शोधते, तिथं माझी चप्पल वाहून गेली होती. पण हे कारण नसावं दादा, कारण माझी मामेबहीण शेजारीच उभी होती आणि ती आज कोरियन सिरीजपण तिकडची भाषा येत असल्यासारखी बघते.

स्क्रू_ड्रायव्हर: घरी नवीन टीव्ही आहे का? सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं घेतलेला असतो. नवीन टीव्ही मधे स्वतःच्या मनानं खोट्या फ्रेम घुसडतात, मग कितीही कोटींचा सिनेमा असो, दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग, ट्रूमोशन, मोशनफ्लो, कंपनीप्रमाणं असलं काहीतरी नाव असेल ते बंद करा. टॉम क्रूझनं २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं.

शिष्ट_सातारकर: केलं बंद. ह्यांना लगेच फरक कळला, रात्री एक वाजेपर्यंत बघत बसले. मी सव्वादहाला झोपले.

नाटकवेडी_सांगली: सिनेमा सोडा, नाटक बघा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला 'सीता स्वयंवर' आमच्या सांगलीत केलं, तिथनं मराठी नाटक सुरू झालं, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन उगाच नाही पाळत.

शिष्ट_सातारकर: नाटकात मी जागी असते, पण ती लाजेनं. समोर जिवंत माणूस घाम गाळतोय म्हणल्यावर जांभई कशी देणार?

गोळी_नको_गप्पा: जरा गंभीर विचारते, राग मानू नका. फक्त सिनेमाचंच असं आहे का सगळंच बेचव झालंय? जेवण, माणसं, आवडीची कामं, कशातच राम वाटत नसेल आणि आठवडेच्या आठवडे तसं चाललं असेल तर डॉक्टरांशी बोला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पण आहे. पण बाकी सगळं ठीक आणि एकाच गोष्टीत रस नाही, असंही असतं. गाण्यांच्या बाबतीत बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशी माणसं दाखवली, कान चांगले, पैसे जिंकले की खूश, पण गाणं ऐकून काहीच होत नाही. त्यांना कुणी शिष्ट म्हणू नये एवढंच.

शिष्ट_सातारकर: नाही नाही, बाकी मी झकास आहे. भिशीत हसून हसून पोट दुखतं माझं. आणि गंमत सांगू का, तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं, मला सिनेमाची गोष्ट आवडते, फक्त ती आईंनी सांगितलेली. आई म्हणजे सासूबाई. त्या भजनी मंडळाच्या बायकांबरोबर सगळ्यात आधी बघून येतात आणि मग शेंगा फोडत फोडत मला सांगतात. "मग तो मेला त्याला म्हणतो, थांब..." आणि इथं नेमकी कुजकी शेंग निघते, ती बाजूला टाकेपर्यंत माझा जीव टांगणीला. त्यांच्या सगळ्या हिरॉइनी "ती पोरगी" आणि सगळे व्हिलन "तो मेला". दोन किलो शेंगा कधी संपतात कळत नाही. तोच सिनेमा पुढं टीव्हीवर लागला की मी स्वयंपाकघरात.

ढेबेवाडी_फास्ट: मग सापडलं की औषध! रविवारचा सिनेमा आधी आईंकडून ऐकून घ्या, शेवटासकट. आपल्याकडं लोक शेवट फोडला की मारायला उठतात, पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या दोघांनी २०११ मध्ये लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून टाकला, तर त्यांनाच गोष्टी जास्त आवडल्या. कथा होत्या, सिनेमा नव्हे, पण तुमचं काय जाणार आहे? आणि रामायणाचा शेवट कुणाला माहीत नसतो हो, तरी लोक ऐकायला बसतातच ना.

कडेची_खुर्ची: कानात थोडा कापूस घाला आणि मधली सीट घेऊ नका. माझं निम्मं दुखणं आवाजाचंच होतं.

शिष्ट_सातारकर: सोमवार, डबा खाऊन लिहितेय. शनिवारी आईंनी पूर्ण सिनेमा सांगितला, दीड किलोत बसवला. भावाभावांचं भांडण, जमिनीची केस, मग थोरला परत येतो आणि धाकट्या बहिणीचं लग्न लागतं, मांडवात दोघं भाऊ गळ्यात पडतात. लग्नाचं त्यांनी इतकं रंगवून सांगितलं, हळद, रुसलेली आत्या, वरातीत पडलेला पाऊस, की काल मी थेटरात त्या लग्नाचीच वाट बघत बसले. कापूस घातला होता, कडेची खुर्ची घेतली होती. इंटरव्हल झालं, लग्न नाही. म्हणलं येईल. कोर्ट झालं, मारामारी झाली, मी एकदापण मोबाईल काढला नाही, जाऊबाई दोनदा वाकून बघून गेल्या मी जागी आहे का. शेवटी भाऊ गळ्यात पडले ते रेल्वे स्टेशनवर आणि नावं वर जायला लागली.

बाहेर आल्यावर मी सगळ्यांदेखत विचारलं, आई, लग्न कुठं गेलं?

आई पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "ते मी घातलं. त्या पोरीचं पुढं काही दाखवलंच नाही मेल्यांनी."