मदत हवी आहे: नववीतल्या मुलाला ओसीडी आहे, शाळेत नेमकं कुणाला आणि किती सांगावं? (ठाणे)

नमस्कार. आम्ही लोकमान्यनगरला राहतो. मुलगा नववीत, मराठी माध्यमात आहे. दिवाळीनंतर ओसीडीचं (नको असताना तेच तेच विचार येणं आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करावीशी वाटणं, हा मानसिक आजार) निदान झालं. गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही सुरू आहे.

सारखे हात धुणं वगैरे त्याचं नाही. त्याचं सगळं लिहिण्यात अडकतं. सहामाहीचा बीजगणिताचा पेपर घरी आला तेव्हा मला कळलं. बरोबरच्या चिन्हाच्या दोन रेघा सारख्या आल्या नाहीत म्हणून गिरवून गिरवून कागदाला भोक पडलेलं, आणि पुढचे तीन प्रश्न कोरे. तेच गणित घरी तोंडी विचारलं तर भराभर सांगतो.

बाईंना वाटतं आळस. अपूर्ण वहीबद्दल त्यांनी एक धडा पाच वेळा लिहून आणायला सांगितला. रात्री दोन वाजता उठले तर हा पहिल्याच पानावर, डोळ्यांतून पाणी. तेव्हापासून सकाळी पोट दुखतं म्हणतो, महिन्याभरात अकरा खाडे झाले. बाईंचा मला राग नाही. एवढ्या मोठ्या वर्गात एकेकाकडे किती बघणार? पण ही शिक्षा त्याच्यासाठी सगळ्यात वाईट होती.

सांगायला गेले तर भीती वेगळीच. ठाण्यात मनोरुग्णालयावरून चिडवणं आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. एका मुलाला कळलं की वर्गभर होईल. तो म्हणतो, "आई, शाळेत नको सांगूस."

मग फक्त मुख्याध्यापकांना सांगावं की वर्गशिक्षिकेलाही? डॉक्टरांच्या पत्रात आजाराचं नाव असावं, की 'लिहायला जास्त वेळ द्यावा' एवढंच पुरतं?

दुसरं, पुढच्या वर्षी दहावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. ओसीडीसाठी हे प्रमाणपत्र कुणी काढलंय का? तपासणीला मुलाला किती फेऱ्या माराव्या लागल्या?

नातेवाईक म्हणतात 17 नंबरचा फॉर्म (दहावीला बाहेरून बसण्याचा) भर, घरी अभ्यास करू दे. माझं मन तयार नाही. बाकावरचा एक मित्र आहे, त्याच्यासाठी तरी तो अजून घराबाहेर पडतो.

शनिवारी पालकसभा आहे. त्याआधी कुणी अनुभव सांगितला तर फार बरं होईल.