मौना केआ : प्रश्न संमतीचा

हवाई बेटावरील मौना केआ पर्वतावर तीस मीटर व्यासाची दुर्बीण उभारण्याला होणारा विरोध म्हणजे श्रद्धेने विज्ञानाची अडवलेली वाट, हे अनेकदा मांडले जाणारे मत मला अपुरे वाटते. सुमारे ४,२०० मीटर उंचीचे हे शिखर आकाशनिरीक्षणासाठी जगातील सर्वोत्तम ठिकाणांपैकी एक आहे, हे खरेच. परंतु मूळ हवाईयन लोकांना ते पूर्वजासमान आहे, आणि तेथील जमीन १८९३ मध्ये हवाईची राजसत्ता उलथवली गेल्यानंतर त्यांच्या हातून गेली. १९६८ मध्ये राज्य सरकारने माथ्याचा परिसर ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने हवाई विद्यापीठाला दिला, तेथे एकामागून एक वेधशाळा उभ्या राहिल्या आणि १९९८ च्या सरकारी लेखापरीक्षणाने पर्वताच्या देखभालीवर कठोर टीका केली. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दुर्बिणीची परवानगी रद्द केली, ती आक्षेपांची रीतसर सुनावणी होण्याआधीच दिली गेली होती म्हणून. पुढे २०१८ मध्ये नवी परवानगी वैध ठरली, तरी २०१९ मध्ये मूळ हवाईयन समाजातील वृद्धांनी रस्त्यावर बसून अटक पत्करली. ताऱ्यांच्या आधारे महासागर ओलांडणाऱ्यांच्या या वंशजांना विज्ञानविरोधी म्हणणे अन्यायाचे आहे. २०२२ च्या कायद्याने पर्वताच्या व्यवस्थापनात त्यांना जे स्थान दिले, ते पहिली वेधशाळा बांधण्यापूर्वीच द्यायला हवे होते.