विषय: Re: Re: पाडव्याचे डबे (आणि झीकला सोडलं!!)

प्रेषक: बंड्या, फ्रिस्को
१५ मार्च २०२३

मंडळी, श्रीखंड कोण आणणार ते ठरेल सावकाश, आधी बातमी ऐका. डॅलस काउबॉइजनी, आपल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमनी, झीकला सोडलं, बॉल घेऊन पळणाऱ्या आपल्या इझीकिएल इलियटला. सात सिझन झाले. मला वाईटबिईट काही वाटत नाहीये, उलट दोन वर्षं उशीरच झाला. गेल्या सिझनला २३१ कॅरी (बॉल घेऊन पळायच्या खेपा) आणि ८७६ यार्ड पुढे, म्हणजे एका कॅरीला ३.८. आणि त्याच टीममध्ये, पुढे वाट मोकळी करणाऱ्या त्याच लाइनच्या मागून, टोनी पोलार्ड १९३ कॅरीत १,००७ काढतो, ५.२ ने. आता पगार कुणाचा मोठा विचारा! २०१९ ला झीक मेक्सिकोत काबोला जाऊन रुसून बसला आणि करार सहा वर्षं वाढवून, ९ कोटी डॉलरचं एक्स्टेन्शन घेऊनच परत आला. ऑक्टोबरमध्ये त्याचा गुडघा दुखत होता म्हणून शिकागोच्या बेअर्सविरुद्ध बाहेर होता, तर पोलार्डने १४ कॅरीत १३१ यार्ड आणि ३ टचडाउन, आपले ४९ पॉइंट. अजून काय पुरावा पाहिजे? सोडल्याने कॅपमध्ये, म्हणजे टीमच्या पगाराच्या मर्यादेत, १ कोटी ९ लाख डॉलर मोकळे होतायत, त्यात कुणीतरी कामाचा माणूस येईल.

प्रेषक: नाना, प्लेनो
१५ मार्च २०२३, रात्री

बंड्या, तू आकडे वाचलेस, मॅच नाही बघितलीस.

कबड्डी खेळलायस ना लहानपणी? मग मला सांग, ज्या रेडरला फक्त डू ऑर डायच्याच रेडला पाठवतात, समोर सातच्या सात उभे आणि सगळ्यांना माहितीये की हा आता घुसणार, त्याची सरासरी आणि पहिल्या रेडला मोकळ्या मैदानात फिरून बोनस घेऊन येणाऱ्याची सरासरी एका कागदावर कशी मांडायची? झीकचं गेली दोन वर्षं तेच झालंय. एक यार्ड हवाय, झीक. टचडाउनच्या रेषेपाशी, गोल लाइनवर आहोत, झीक. तिथे दोन यार्ड मिळाले तरी काम फत्ते, पण सरासरीत ते दोनच दिसतात. ८७६ यार्डवाल्याचे १२ टचडाउन आहेत ते कुठून आले? ही हमाली आहे, आणि हमालीला सरासरी नसते.

शिवाय पास असला की बॉल फेकणाऱ्या डॅकच्या बाजूला उभं राहून, आतून सुसाट येणाऱ्या समोरच्या लाइनबॅकरला छातीवर घ्यायचं. बॉल हातात नाही, टीव्हीवर कॅमेरा तिकडे नाही. पुढच्या वेळी रेकॉर्डिंग लावून बॉल सोडून फक्त झीकचा २१ नंबर बघ, मग बोलू.

घसरण झालीच नाही असं माझं म्हणणं नाही. २०१६ ला पहिल्याच सिझनला १,६३१ यार्ड, पिट्सबर्गला ९ सेकंद राहिलेले असताना मधूनच निघून ३२ यार्ड पळत गेला होता, ते पाय आता नाहीत. पण पहिल्या चार सिझनमध्ये तीनदा ३०० च्या वर कॅरी दिल्यात त्याला. पुढे लाइनमध्ये टायरन स्मिथ, फ्रेडरिक, झॅक मार्टिन अशी भिंत होती, त्यातला फ्रेडरिक २०१८ ला आजारपणाने पूर्ण सिझन बाहेर, २०२० ला रिटायरच. त्याच वर्षी डॅकचा घोटा मोडला, मग समोरचे सगळे झीकवरच टपलेले. २०२१ ला गुडघ्यातलं लिगामेंट अर्धवट फाटलेलं घेऊन चौथ्या आठवड्यापासून खेळला आणि एक मॅच चुकवली नाही. तरी १,००२.

झीकच्याच जागी आधी पळणाऱ्या एमिट स्मिथचा डॅलसमधला शेवटचा सिझन २००२, मी स्टेडियममध्ये होतो दोन मॅचना. ९७५ यार्ड, सरासरी ३.८. तोच आकडा. फरक इतकाच की एमिट ३३ चा होता आणि हा २७ चा.

प्रेषक: बंड्या
१६ मार्च २०२३

नाना तुमचा मान ठेवून विचारतो, लाइन म्हातारी झाली तर ती पोलार्डसाठी तरुण कशी होते?? आणि २७ चा असून ३३ सारखा पळतो हे तुम्हीच म्हणताय, मग टीमने करायचं काय, हार घालायचा? एक यार्ड काढायला ९ कोटीचा माणूस नको. दाराचं बिजागर मोडलं म्हणून कुणी घराला नवीन दार आणत नाही.

प्रेषक: मंजूताई, अर्व्हिंग
१६ मार्च २०२३

बंड्या बिजागराचं काही कळलं नाही, पण मला यातलं फार कळत नाहीच. कळलं ते एकच, जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टी नाइनर्सबरोबर १९-१२ ने हरलो ती शेवटची प्ले, म्हणजे चाल. मी ओट्यापाशी भाकऱ्या थापत होते आणि पोरगा ओरडला, आई झीक मध्ये उभा राहिलाय! बघते तर खरंच, लाइनच्या मधल्या माणसाच्या, सेंटरच्या जागी वाकून डॅकला बॉल देतोय, आजूबाजूला लाइनचं कुणी नाही. बॉल दिला आणि पुढच्या क्षणाला समोरच्याने त्याला उताणा पाडला. डॅकने आपल्या टर्पिनला बॉल फेकला, तो तिथेच आडवा. संपलं. पोरगा जर्सी घालूनच झोपला त्या रात्री. ज्याने कुणी ती प्ले काढली त्याला जरा तरी वाटायला हवं होतं. सात वर्षांतला त्याचा शेवटचा फोटो तो.

डब्यांसाठी अजून अकरा जणांनी कळवलेलं नाही. सगळे इथे फुटबॉल बोलतायत ते दिसतंय मला.

प्रेषक: नाना
१६ मार्च २०२३

मंजू, बरोबर बोललीस. मी पुरणपोळ्या २५.

बंड्या, पगाराचं तुझं पटतं. चूक २०१९ च्या सहीत आहे, गडी जितका थकला त्याहून त्याचं काम जास्त महाग झालं. पण पोलार्डच्या ५.२ वर उड्या मारू नकोस. टॅग लावून, म्हणजे एका वर्षासाठी अडकवून, १ कोटी डॉलरला ठेवलाय ना त्याला, आता त्यालाच २५० कॅरी द्या, गोल लाइनवरच्या पण. मग सरासरी सांग मला.

प्रेषक: नाना
९ जानेवारी २०२४

जुना धागा मुद्दाम वर काढतोय. पोलार्ड, २५२ कॅरी, १,००५ यार्ड. सरासरी ४.०.

बंड्या आहेस का?

प्रेषक: बंड्या
९ जानेवारी २०२४

आहे आहे. नाना त्याच फोर्टी नाइनर्सच्या मॅचमध्ये पोलार्डचा पाय मोडला होता, ते सोयीस्कर विसरलात. आणि तुमच्या झीकचं त्याच्या नव्या टीमकडे, पॅट्रियट्सकडे काय झालं तेही लिहा की, १८४ कॅरी ६४२ यार्ड, ३.५! तिकडे तर हमालीशिवाय बाकीचं पण दिलं होतं त्याला.

(बरं, ५.२ वरून ४.० म्हणजे जरा जास्तच पडला हे मान्य. अर्धं मान्य.)

प्रेषक: नाना
९ जानेवारी २०२४

अर्धं चालेल. ३.५ चं मीही अर्धं घेतो.

प्रेषक: मंजूताई
३ जानेवारी २०२५

सर्वांना नमस्कार, तिळगूळ समारंभाची यादी सोबत आहे, हलव्याचे दागिने ज्यांना हवेत त्यांनी रविवारपर्यंत सांगा.

नाना, बंड्या, तुम्ही दोघं लिहाल म्हणून मीच लिहिते. झीकला परत आणलं होतं त्याला परत सोडलं, तेही सिझनची एक मॅच राहिलेली असताना. ७४ कॅरी, २२६ यार्ड, ३ टचडाउन, पोराने सांगितलं. यार्ड सगळे त्या रिको डाउडलने काढले, हजाराच्या वर, नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंही नव्हतं म्हणे त्याला. पोराला आता झीकचं काही नाही. एप्रिलमध्ये परत आला तेव्हा खूश झाला होता, पण हा १५ नंबर घालून उतरला आणि आमच्याकडची २१ ची. नवीन घेऊ का विचारलं तर म्हणाला राहू दे.

तर २१ नंबरची निळी जर्सी, युथ मीडियम, कुणाला हवी असल्यास समारंभाला घेऊन येते. बाहीवर कोकमाचा एक डाग आहे, धुऊन गेलेला नाही.