रेकॉर्डेड इंटरव्ह्यूची लिंक आलीय, समोर माणूसच नाही. तयारी कशी करू?

वडगावची (बेळगाव)

नमस्कार मंडळी. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) आहे, एअरबस ए३२०चं टाइप रेटिंगही (ते विमान चालवायची पात्रता) झालंय. एका एअरलाइनकडं ज्युनिअर फर्स्ट ऑफिसरसाठी अर्ज केला होता, त्यांच्याकडून व्हिडिओ इंटरव्ह्यूची लिंक आलीय. स्क्रीनवर प्रश्न येणार, विचाराला ३० सेकंद, उत्तराला दोन मिनिटं. पुन्हा रेकॉर्ड करायची सोय नाही. रविवारच्या आत द्यायचाय.

घराला लागून काकांचे माग आहेत, सकाळपासून खटखट सुरू. त्याचं काय करायचं ते बघते. खरी भीती वेगळीच. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला इंग्लिश. आरटीवर (विमानाच्या रेडिओवर) माझं कुठं अडत नाही, पण कॅमेऱ्यासमोर ‘टेल अस अबाउट युवरसेल्फ’ आलं की पाठ केलेलं घडाघडा सुटतं आणि मध्येच एक शब्द गळाला की पुढचं सगळं बंद.

अवघड निर्णयाचा प्रश्न हमखास येतो म्हणतात. त्याला मी हे सांगणार आहे: सोलो क्रॉस-कंट्री (एकटीनं दुसऱ्या विमानतळापर्यंत जाऊन यायचं उड्डाण), सांबरा–हुबळी–सांबरा. सांबरा म्हणजे बेळगावचा विमानतळ. मे महिना, दुपार. येताना कित्तूर ओलांडलं आणि समोर वळवाचे ढग चढताना दिसले. एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) सांगून हुबळीला परत गेले, इन्स्ट्रक्टरना फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी विमान आणलं. चालेल का? की टेनेरिफसारखं मोठं काहीतरी घालू?

निपाणी_उजवी_सीट

टेनेरिफ अजिबात नको. २७ मार्च १९७७, धावपट्टीवर दोन जम्बो आदळले, ५८३ माणसं गेली. सीआरएमच्या (कॉकपिटमधल्या समन्वयाच्या) वर्गात हा धडा सगळ्यांनाच असतो. तुझं रेकॉर्डिंग बघणाऱ्यानं तो ऐकून ऐकून कान किटलेले असणार, आणि त्यात तू कुठंच नाहीस. तुझं कित्तूर झकास आहे. फक्त ते तू अर्धंच सांगालीस.

‘ढग दिसले, परत गेले’ यात निर्णय दिसत नाही, नुसतं मागं फिरलेलं दिसतं. मी तपासायला बसलो तर मला विचारावंसं वाटेल की फ्युएल किती होतं, त्यावर अजून किती वेळ उडता आलं असतं? ढगाला वळसा घालून जायला वाट होती का, आणि होती तर का सोडलीस? हुबळी मोकळं आहे हे कशावरून ठरवलंस, नुकतीच तिथून उठलीस म्हणून, की टॉवरला विचारलंस म्हणून? सांबरा हाताशी आलेलं असताना पाठ फिरवणं, अवघड आहे ते हेच. घरी पोचायची ओढ भल्याभल्यांना ढगात घेऊन गेलीय. त्यावर दोनच वाक्यं बोल, पण तुझी स्वतःची. पुढं, इन्स्ट्रक्टरना फोन केला हे शेवटी घाईत उरकू नकोस. काय सांगितलंस, ते काय म्हणाले, तेही येऊ दे. कोणाला, किती वेळेवर कळवलंस याला आपल्या धंद्यात फार किंमत आहे.

स्टार पद्धत तुला माहीत असेलच: सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट. पोरं काय करतात, दोनातलं दीड मिनिट सिच्युएशनमध्येच घालवतात. माझ्याकडं सरावाची रेकॉर्डिंगं येतात, त्यात क्युम्युलोनिंबस (गडगडाटी ढग) कसा तयार होतो यावर अख्खं लेक्चर! मेटचा (हवामानाचा) पेपर सुटला म्हणूनच लायसन्स मिळालंय की, ते कशाला परत? २० सेकंदांत चित्र उभं कर आणि मग ‘मी’ काय केलं त्यावर ये. आणि ‘आम्ही’ नको. सोलोला कसलं आलंय आम्ही?

पाठांतराचं म्हणशील तर उत्तरं लिहूच नकोस, प्रसंग लिही. एकेका प्रसंगाला चार शब्द बस्स: कित्तूर, ढग, फ्युएल, फोन. रोज वेगळ्या वाक्यांत सांग, मोबाईलवर रेकॉर्ड कर, ऐक. वाक्यच ठरलेलं नसलं तर शब्द गळायचा प्रश्न येत नाही. हाच प्रसंग निर्णयाला चालतो, दडपणाला चालतो, ‘ठरल्याप्रमाणे झालं नाही तेव्हा काय केलंत’ यालाही चालतो. फक्त जोर कशावर द्यायचा ते बदलायचं. सीनिअरला नाही म्हणायची वेळ कधी आली होती का, हा मात्र वेगळा प्रसंग लागतो. तो आत्तापासून शोधून ठेव. इन्स्ट्रक्टरशी चेकलिस्टवरून झालेलं साधं बोलणंही चालेल, मोठं भांडण लागत नाही.

समोर माणूस नाही म्हणून घाबरतेस, पण आरटीवर तरी माणूस कुठं दिसतो? विचार करतेस, बटण दाबतेस, बोलतेस, सोडतेस. फरक एवढाच की इथं रीडबॅक, म्हणजे ऐकलेलं समोरून परत म्हणून दाखवणं, येत नाही. मान हलवणारं कोणी नसलं की माणूस बोलतच राहतो, संपलेलं उत्तर परत पहिल्यापासून सांगू लागतो. सव्वा मिनिटात संपलं ना? गप्प बस आणि सबमिट कर. घड्याळ उरलंय म्हणून भरून काढायचं नसतं.

‘आमच्याकडंच का’ याला वेबसाइटवरची वाक्यं नकोत. त्यांच्याकडं कुठली विमानं आहेत, तुझं रेटिंग त्यात कुठं बसतं, ते बघ. एअरबसचं रेटिंग घेऊन अकासाला अर्ज केला असशील तर त्यांच्याकडं सगळी बोइंगची ७३७ मॅक्स आहेत, मग उत्तर आधी जुळवून ठेव. थकव्यावरही विचारतील. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती १ जुलै २०२५ पासून ३६ तासांवरून ४८ झाली, हे माहीत असू दे. पण नियम म्हणून दाखवण्यापेक्षा, अंगात ताकद नसताना तू ड्युटीला नाही म्हणशील का, हे बोल.

आणि स्वतःबद्दल सांगताना सीमाप्रश्न काढू नकोस. १९५६ पासून चाललेलं दोन मिनिटांत मावत नाही! मराठी, कन्नड, हिंदी, इंग्लिश चारही येतात एवढं म्हण, पुढं जा.

टिळकवाडी_मास्तर

उड्डाणातलं मला काही कळत नाही, पण मुलांचे ऑनलाइन इंटरव्ह्यू बरेच बघितलेत. मागवाल्या काकांना सरळ जाऊन सांग, तासभर बंद ठेवतील. आपल्याकडं शेजारी एवढं करतात. मैत्रिणीकडं करायचं झालं तर दुसऱ्या रेल्वे गेटाजवळची घरं सोड, भर उत्तरात हॉर्न वाजतो. खिडकी पाठीमागं नको, तोंडासमोर असू दे, नाहीतर चेहरा काळा येतो. लॅपटॉप चार वह्यांवर ठेव म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येईल. वळीव सुटला की लाईट जाणार हे धरूनच चाल: बॅटरी भरलेली, आणि वायफायवाल्या कंपनीपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला तयार.

स्क्रीनवर उत्तर चिकटवून वाचायचा मोह होतो. डोळे डावीकडून उजवीकडं फिरताना लख्ख दिसतात. माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही दिसतात.

सांबरा_निवृत्त

बेटा, हवाई दलात माझं सगळं आयुष्य रेडिओवर गेलं. आरटीवर बोलायचा वेग मिनिटाला १०० शब्दांच्या वर जाऊ नये, असं आयसीएओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) सांगतं. इंटरव्ह्यूत थोडं जास्त चालेल, पण त्या हिशेबानं दोन मिनिटांत दोनशे-अडीचशे शब्दच बसतात. तेवढ्यात काय सांगायचं ते ठरव. तुझा घोटाळा इंग्लिशचा नाही, वेगाचा आहे. इंग्लिशच्या सहा पातळ्यांत चौथी मिळाली की आंतरराष्ट्रीय उड्डाणालाही पुरते, आणि चौथीत गावचा उच्चार चालतो, समजण्याच्या आड आला नाही म्हणजे झालं. मिशनरी शाळेतल्यासारखं बोलायला जाऊ नकोस. अडलीस तर थांब, श्वास घे, ‘करेक्शन’ म्हण आणि पुढं जा. रेडिओवर तसंच करतात, तुला सवय आहे.

वडगावची

सगळ्यांचे खूप आभार. निपाणीदादा, कित्तूरचा प्रसंग आज फ्युएलसकट सांगून बघितला. वळसा का नाही घातला याचं उत्तर देताना मलाच नीट आठवलं: उत्तरेकडून वाट दिसत होती, पण त्या बाजूला उतरायला जागा कुठली ते नकाशात पक्कं नव्हतं, आणि पाठीमागं हायवे थेट हुबळीपर्यंत दिसत होता. हे सांगू? की तयारी कच्ची होती असं वाटेल? आणि युनिफॉर्म घालायचा का?

निपाणी_उजवी_सीट

हेच सांग! माहीत नसलेल्या वाटेपेक्षा माहीत असलेली धरली, यालाच निर्णय म्हणतात. पुढच्या क्रॉस-कंट्रीला नकाशावर आधी काय बघून ठेवलंस ते एका वाक्यात जोड, म्हणजे कच्चेपणाची शंका तिथंच मिटेल.

ट्रेनिंग स्कूलचा युनिफॉर्म मेलमध्ये मागितला असेल तरच. नाहीतर साधा फिका शर्ट, केस बांधलेले, पाठीमागं कोरी भिंत. प्रॅक्टिस प्रश्न असेल तर तो सोडू नकोस, माइकची परवानगी ब्राउझर तिथंच मागतो.

एक राहिलं. कित्तूरच्या फेरीची तारीख आणि तास बोलण्याआधी लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) उघडून बघ. पुढं सिम्युलेटरच्या राऊंडला लॉगबुक समोर घेऊन बसतात. तू व्हिडिओत मे म्हणालीस आणि नोंद एप्रिलची निघाली तर नसता खुलासा करत बसावं लागेल.